पडद्याआडची मंडळी



जुन्या वळणाचा मराठी गृहस्थ चारचौघांत पत्नीचे नाव घेत नसे. 'आमची मंडळी', 'आमचे कुटुंब' एवढेच तो म्हणे. आणि ओटीवर बसलेल्या पाहुण्याला तेवढ्यावरून माजघरातील त्या व्यक्तीचा स्वभाव, तिचा धाक, तिच्या हाताची चव, सारे काही उमगे. पाहुण्याने तिला डोळ्यांनी पाहिलेले नसे, तथापि तिच्याविषयी त्याचे मत मात्र ठाम असे.

इंग्लंडमध्ये १९७९ साली 'माइंडर' नावाची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. तीमधील आर्थर डेली हा लटपट्या व्यापारी नेमका असाच बोले. पत्नीचा उल्लेख तो 'घरातली ती' अशा अर्थाच्या दोनच शब्दांनी करी. १९९४ पर्यंत ही मालिका चालली, पण ती बाई एकदाही पडद्यावर आली नाही; ते दोन शब्द मात्र तेथील बोलीत कायमचे रुळले. त्याच देशातील 'डॅड्स आर्मी' या १९६८ ते १९७७ पर्यंतच्या मालिकेत रुबाबदार कॅप्टन मेनवेअरिंग हे पत्नी एलिझाबेथच्या नुसत्या दूरध्वनीने नरम पडत. बाईंचे प्रत्यक्ष दर्शन एवढेच, की हवाई हल्ल्यापासून बचावासाठी केलेल्या खोपटात वरच्या फळीवर कोणी झोपले आहे आणि त्या भाराने फळी खाली वाकली आहे!

या अदृश्य स्त्रियांत सर्वांत लोकप्रिय ठरली ती अमेरिकेतील कोलंबो या पोलीस अधिकाऱ्याची पत्नी. पीटर फॉक या नटाने ही भूमिका १९६८ साली प्रथम केली. चुरगळलेला रेनकोट घातलेला हा अधिकारी संशयिताच्या दारातून निघता निघता मागे वळे, एखादा भाबडा प्रश्न विचारी, आणि बोलता बोलता पत्नीच्या आवडीनिवडी सांगत बसे. तिला हे गाणे आवडते, तिने ते पुस्तक वाचले आहे. बेसावध संशयित ऐकत राही आणि अडकत जाई. कोलंबोचा आळशी कुत्रा प्रेक्षकांनी अनेकदा पाहिला. पत्नी कधीच नाही. ती खरोखर आहे की ही त्या धूर्त माणसाची युक्ती आहे, अशीही शंका प्रेक्षक घेत.

ही गोम वाहिनीच्या चालकांना उमगली नाही. १९७९ च्या फेब्रुवारीत त्यांनी खुद्द 'मिसेस कोलंबो' याच नावाची मालिका काढली आणि केट मलग्रू ही तरुण नटी त्या भूमिकेत उभी केली. मूळ पात्राच्या निर्मात्यांना हा प्रकार रुचला नव्हता. प्रेक्षकांनीही तिला ओळखले नाही. पुढे मालिकेचे नाव बदलले, नायिकेचा घटस्फोट झाल्याचे दाखविले, तिचे आडनावही पालटले. आणि १९८० साली सारेच आटोपले. १९८९ मध्ये कोलंबो पुन्हा पडद्यावर आला, तेव्हा त्याची पत्नी पूर्वीसारखीच घरी होती आणि पूर्वीसारखीच दिसत नव्हती. जी बाई हजारो मनांत हजारो चेहऱ्यांनी वावरत होती, तिला एकच चेहरा द्यावयाचा म्हणजे उरलेले सारे पुसून टाकावयाचे. असला व्यवहार कोण पत्करील? नभोवाणीच्या श्रोत्यांना तर हे वेगळे सांगावयास नकोच.

आता याच्या अगदी उलट गोष्ट. 'हॅपी डेज' ही अमेरिकन मालिका जानेवारी १९७४ मध्ये सुरू झाली. मिलवॉकी शहर, १९५० नंतरचा काळ, आणि कनिंगहॅम नावाचे सुखवस्तू कुटुंब. आई, वडील आणि तीन मुले: थोरला चक, मधला रिची, धाकटी जोनी. चक उंचापुरा होता, हाती बास्केटबॉल घेऊन घरात ये-जा करी. पहिल्या दोन हंगामांत दोन निरनिराळ्या नटांनी त्याची भूमिका केली. तिसऱ्या हंगामात चक नव्हता. तो मेला नाही, परगावी गेला नाही, रुसून निघून गेला नाही. तो नव्हता, इतकेच. त्याच सुमारास, सप्टेंबर १९७५ मध्ये, फॉन्झी हा शेजारपाजारचा टगा पण दिलदार तरुण कनिंगहॅमांच्या गॅरेजवरील खोलीत भाड्याने राहावयास आला. त्याच्यावर प्रेक्षक लुब्ध झाले होते. रिचीला वडीलकीचा सल्ला देण्याचे काम तोच करू लागल्यावर सख्ख्या थोरल्या भावाला करण्याजोगे काही उरलेच नाही.

१९८४ साली समारोपाच्या भागात जोनीचा विवाह झाला. वडील हॉवर्ड हाती पेला घेऊन उठले आणि आपल्या दोन्ही मुलांची लग्ने झाली, असे कृतार्थपणे बोलले. दोन्ही! शेजारी उभ्या असलेल्या आईनेही हरकत घेतली नाही. मालिकांतील असल्या बेपत्ता होण्याला तेव्हापासून चकचेच नाव चिकटले आहे. शिकागोतील विन्स्लो कुटुंबाच्या 'फॅमिली मॅटर्स' या मालिकेतही हेच घडले. शेजारचा अर्कल हा मुलगा लोकप्रिय झाला आणि १९९३ नंतर घरची धाकटी मुलगी ज्युडी कुणाच्याही बोलण्यातून उरली नाही. अर्ध्या तासाच्या घरात माणसे मोजकीच मावतात हे खरे. पण एखादे वाक्य तरी मावले असते.

आपल्याकडे 'तारक मेहता का उल्टा चष्मा' मधील दयाबेन २०१७ नंतर दिसेनाशी झाली. ती माहेरी गेली आहे, येणार आहे, असे म्हणत त्या घराने तिचे नाव पुढे कित्येक वर्षे जिवंत ठेवले. प्रेक्षकांची थोडी थट्टाच झाली, असे म्हणता येईल. तरीही चकच्या वाट्याला एवढेही आले नाही.

'सेसमी स्ट्रीट' या लहान मुलांच्या कार्यक्रमात किराणा दुकानदार हूपर यांची भूमिका करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये निवर्तले. हूपर निवृत्त होऊन दूर गेले, असे सांगता आले असते. निर्मात्यांनी बालमानसशास्त्राच्या जाणकारांचा सल्ला घेतला आणि खरे सांगावयाचे ठरविले. २४ नोव्हेंबर १९८३ च्या भागात बिग बर्ड हा मोठा पिवळा पक्षी गल्लीतल्या प्रत्येकासाठी त्याचे चित्र काढून आणतो. हूपर यांचे चित्र उरते. ते आले की देईन, असे तो म्हणतो. मोठी माणसे त्याला हळूहळू सांगतात की ते वारले आहेत, ते परत येणार नाहीत. मग दुकान कोण पाहील, गोष्टी कोण सांगेल, असे तो विचारतो. आणि असे का व्हावे, याचे उत्तर त्या मोठ्यांपाशीही नसते. ती चित्रे पक्ष्याच्या वेशातील कलावंत कॅरल स्पिनी यांनी स्वतः काढली होती. हूपर यांचे चित्र बिग बर्डने आपल्या घरट्यापाशी टांगले, आणि पुढील कित्येक वर्षे ते तेथे दिसत असे.