पाण्यात सोडण्याआधी



राज्यातल्या गळकऱ्यांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. हौसेनं गळ टाकणारे आणि पोटासाठी जाळं टाकणारे आज एका मांडवाखाली बसले आहेत, याचा मला विशेष आनंद आहे. तळं एकच असतं, पण आपण एकमेकांना काठावर ओळखही देत नाही. निदान आज तरी समोरासमोर बोलू.

आजच्या खुल्या अधिवेशनात एक ठराव येणार आहे. राज्यातल्या सार्वजनिक जलाशयांत हौशी मासेमारीला चालना मिळावी म्हणून दरवर्षी मत्स्यबीज सोडलं जावं, अशी त्यात मागणी आहे. या ठरावाला माझा पाठिंबा आहे, पण बिनशर्त नाही. माझ्या अटी का आहेत, हे सांगण्यासाठीच मी हे भाषण खर्ची घालणार आहे.

आपल्याकडे गळकऱ्याची नीती म्हटली की चर्चा गळापासून सुरू होते. मासा धरावा की सोडावा, किती धरावेत, कोणत्या मोसमात धरावेत. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण गळ टाकणारा एका वेळी एक मासा धरतो; बीज सोडणारा अख्ख्या तळ्याचं भवितव्य ठरवतो. धरलेला मासा परत सोडता येतो. सोडलेली जात एकदा रुजली की परत गोळा करता येत नाही. म्हणून आपल्या नीतीची पहिली ओळ बोटुकलीच्या, म्हणजे बोटभर पिल्लांच्या, पिशवीपाशी लिहिली गेली पाहिजे.

आपल्याच घरातलं उदाहरण घेतो. महाशीर, आपल्या मावळातला खडस. दख्खनची पाहणी करणारे लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी 1839 साली या माशाची शास्त्रीय नोंद केली, ती पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या नमुन्यावरून. जगभरच्या ग्रंथांत टॉर खुद्री या नावानं ओळखला जाणारा हा मासा मूळचा पुणेकर आहे. पावसाळ्यात पाणी चढलं की तो प्रवाहाविरुद्ध वर जातो आणि वाहत्या, स्वच्छ पाण्यात गोट्या-वाळूच्या तळावर अंडी घालतो. सह्याद्रीच्या माथ्यावर धरणं उभी राहिली आणि ही वाट बंद झाली. त्यात जिलेटिनच्या कांड्या आल्या, विषारी भुकट्या आल्या. पाण्यात सुरुंग लावण्यावर आणि विष कालवण्यावर 1897 पासून कायद्यानं बंदी आहे, तरीही हे प्रकार थांबलेले नाहीत.

अशा वेळी लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाकाठी एक मोठं काम उभं राहिलं. 1970 च्या सुमारास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी तिथे महाशिराच्या कृत्रिम प्रजननाचा पाया घातला आणि पुढे डॉ. शशांक ओगले यांनी ते वाढवलं. पिकलेल्या मादीची अंडी हलक्या हातानं काढायची, त्यावर नराचं मिल्ट, म्हणजे वीर्य, घालायचं, वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ती अंडी जपायची आणि पिल्लू स्वतःहून खायला लागेपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसायचं. अशा कष्टातून तिथे लाखो पिल्लं तयार झाली. हा मासा एके काळी धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत होता, आज तो धोक्याबाहेर गणला जातो. त्यामागे या माणसांचे हात आहेत. या व्यासपीठावरून मी त्यांना वंदन करतो.

आणि याच गोष्टीचा दुसरा भाग सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. लोणावळ्याची ही पिल्लं इतर राज्यांतही गेली. कर्नाटकात कावेरीच्या पात्रात ती सोडली गेली. कावेरीत तिचा स्वतःचा महाशीर होता, पाठीवर कुबड असलेला, नारिंगी परांचा, जगातल्या सर्वांत मोठ्या महाशिरांपैकी एक. कावेरीच्या खोऱ्यातच, कबिनी नदीवर, 1946 साली 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महाशीर गळाला लागला होता. सोडणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. महाशीर कमी होतोय, महाशीर आणून सोडू, इतका सरळ विचार होता. पण सोडलेला महाशीर वेगळा होता.

पुढे काय झालं ते कळलं गळकऱ्यांच्या वह्यांमधून. कावेरीकाठी गळकऱ्यांच्या गालीबोरे कॅम्पवर मासा धरून, नोंद करून परत सोडण्याची शिस्त होती. 1998 ते 2012 या काळातल्या त्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. आपला निळसर परांचा महाशीर गळाला अधिकाधिक लागत गेला आणि कुबडवाला कमी कमी होत गेला. जे कुबडवाले मिळत, ते मोठमोठे असत. म्हणजे म्हातारे शिल्लक होते, लहान दिसत नव्हते. ज्या गावात नुसती म्हातारी माणसं उरतात त्या गावाचं पुढे काय होतं, हे आपल्याला सांगावं लागत नाही. वाळूउपसा, धरणं, सुरुंग ही कारणंही तिथे आहेतच. पण बाहेरून आणलेल्या माशावरचा संशय दूर करता आलेला नाही. 2018 साली कुबडवाल्या महाशिराची शास्त्रीय ओळख एकदाची निश्चित झाली, टॉर रेमादेवी. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. एका नदीचं भूषण असलेला मासा दुसऱ्या नदीत पाहुणा म्हणून गेला आणि घरधन्याच्या मुळावर आला.

परदेशातली दोन उदाहरणं थोडक्यात सांगतो. बास हा अमेरिकेतल्या गळकऱ्यांचा अत्यंत लाडका मासा. तिथल्या तलावांत त्याच्या संवर्धनाचं आणि धरून सोडण्याचं मोठं शास्त्र उभं आहे. हाच मासा ग्वाटेमालातल्या आतित्लान सरोवरात 1958 नंतर सोडला गेला, पर्यटक यावेत म्हणून. त्यानं तिथले छोटे मासे आणि खेकडे फस्त केले. त्यांच्यावर जगणारी, फक्त त्याच सरोवरात आढळणारी आतित्लान ग्रीब ही पाणबुडी पक्ष्याची जात हळूहळू कमी होत नामशेष झाली. दुसरं उदाहरण जपानचं. तिथे 1925 साली आशी सरोवरात बास आणला गेला आणि पुढे देशभर पसरला. आज बिवा सरोवरात धरलेला बास परत पाण्यात सोडायला मनाई आहे. शिगा प्रांतानं 2003 पासून तसा नियमच केला आहे. धरलेला मासा सोडून देणं हे एका तळ्यावर पुण्य आहे आणि दुसऱ्या तळ्यावर अपराध. तळं कोणतं आणि मासा कुठला, हे विचारल्याशिवाय नीती ठरत नाही.

आपल्या उजनीवर या. 1952 साली देशात आलेली चिलापी आज उजनीच्या पाण्यात घरची झाली आहे, भिगवणच्या बाजारात तिचे ढीग लागतात. तिच्यावर अनेक कुटुंबांची चूल पेटते, हे मी नाकारणार नाही. पण भीमेचे जुने मासे जाळ्यात कितीसे येतात, हे इथे बसलेल्या मच्छीमार बांधवांना विचारा. थाय मागुर या परदेशी माशावर 2000 साली बंदी आली, तरी तो चोरून पाळला जातो आणि पुरात शेततळ्यातून नदीत जातो. घरातल्या काचेच्या टाकीत मावेनासा झालेला सकर मासा लोक दयाबुद्धीनं धरणात सोडतात. दया करायचीच तर ती त्या पाण्यात आधीपासून नांदणाऱ्यांवरही करा.

आता पाणी कुणाचं, या प्रश्नाकडे येतो. सार्वजनिक जलाशय म्हणजे मोकळं रान नव्हे. तिथल्या मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांनी घेतलेला असतो. ठेक्याची रक्कम त्या भरतात, कटला, रोहू, मृगळाचं बीज त्या विकत आणतात, राखण त्या करतात. आपण शनिवारी गाडीत रॉड टाकून येतो आणि त्यांच्या जाळ्याशेजारी उभे राहतो. त्याहीआधी त्या पाण्याखाली कुणाची तरी शेतं गेलेली असतात. मुळशीच्या धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला होता, हे त्या तलावाकाठी तंबू ठोकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावं. संस्थेची परवानगी घेणं, पावती फाडणं, जाळ्यापासून लांब बसणं, गावातल्या माणसाला वाटाड्या म्हणून कामाला घेणं हे आपले उपकार नव्हेत. ते आपलं देणं आहे.

गळावरच्या वागण्याबद्दल एकच गोष्ट जवळून दाखवतो. पावसाळ्यात तळ्याच्या कडेला, पाणगवतात, पाण्याच्या वरच्या थरात लालसर ठिपक्यांचा एक घोळका हलताना दिसतो. ती मरळीची पिल्लं. ती श्वास घ्यायला एकदम वर येतात, पाणी क्षणभर उकळल्यासारखं होतं आणि ती खाली जातात. त्यांच्या खालीच आई-बाप राखणीला असतात. त्या घोळक्यात रबराचा बेडूक टाकला की मरळ हमखास झेपावते. ती भूक नसते, ती राखण असते. तिला वर ओढून फोटो काढेपर्यंत खालच्या पिल्लांवर इतर मासे तुटून पडलेले असतात. मग तिला सोडलंत काय आणि खाल्लंत काय, तिचा वंश गेलाच. या संमेलनानं एवढं जरी ठरवलं, की पिल्लांवर असलेल्या मरळीवर गळ टाकायचा नाही, तरी मी हे अध्यक्षपद सार्थकी लागलं असं मानेन.

बाकीचे नियम आपल्याला माहीत आहेत, ते पाळायचे आहेत. गळाची उलटी अणी चिमट्यानं दाबून सपाट करा. माशाला हात लावण्याआधी हात ओले करा, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं चिलखत आहे. कल्ल्यात बोटं घालून त्याला लटकवू नका. गळ खोल गेला असेल तर ओढाताण न करता तंगूस कापा. चैत्र-वैशाखात पाणी तापलेलं असतं, त्यात प्राणवायू कमी असतो. तेव्हा धरून सोडलेला मासा पोहत गेला तरी जगेलच असं नाही. त्या दिवसांत भर दुपारी गळ आवरा. आणि खायला मासा नेत असाल तर ताठ मानेनं न्या, पण लागेल तेवढाच न्या.

ही शिस्त आपण बाहेरून आणलेली नाही. महाडजवळ वाळणकोंडच्या डोहात, वाड्याजवळ तिळशाला वैतरणेत, गावानं देवाच्या नावानं मासे राखले आहेत. कुठलंही बीज न सोडता, केवळ हात आवरून, तिथे महाशीर टिकला आहे. पाणी आणि वाट शाबूत ठेवली तर मासा स्वतःचं बीज स्वतः पेरतो, हा धडा आपल्या खेड्यांनी आधीच गिरवलेला आहे.

म्हणून ठरावात चार कलमं जोडावीत, अशी माझी सूचना आहे. पहिलं, ज्या खोऱ्यातला मासा त्याच खोऱ्यात सोडावा. संकरित आणि परदेशी बीज कोणत्याही सार्वजनिक पाण्यात नको. दुसरं, सोडण्याआधी त्या पाण्यात आज काय आहे याची पाहणी व्हावी आणि ती स्थानिक मच्छीमारांना विचारून व्हावी. तिसरं, सोडण्याची रीत पाळली जावी. मोठ्या जलाशयात दहा सेंटिमीटरच्या आसपास वाढलेली बोटुकलीच सोडावी. पिशवी न उघडता काठच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्यावी, मग थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घेऊन पिल्लांना आपणहून बाहेर पडू द्यावं. भर उन्हात, पाहुण्यांच्या हस्ते, उंचावरून पिशवी उपडी करण्याचे समारंभ बंद व्हावेत. चौथं, प्रत्येक गळकऱ्यानं नोंदवही ठेवावी: तारीख, ठिकाण, जात, लांबी, नेला की सोडला. कावेरीचं दुखणं कळलं ते अशा वह्यांमुळेच. आपल्या मुळेची, भीमेची, कोयनेची अशी वही आज कुणाकडे आहे?

या चार कलमांसह ठराव मंजूर करावा, अशी मी सभागृहाला कळकळीची विनंती करतो. नोंदवहीचा नमुना बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. जाताना प्रत्येकानं एक प्रत न्यावी आणि पुढच्या संमेलनाला ती भरून आणावी. पुढच्या वर्षी या जागेवरून जो कुणी बोलेल, त्याला माझ्यासारखी कर्नाटकाची आकडेवारी सांगावी लागू नये. आपल्या पाण्याचा हिशेब त्यानं आपल्याच वह्यांतून वाचून दाखवावा.