शेतमजुरांची घरे : इंग्लंडमधील एक अनुभव
(भाषणाचा सारांश)



घरबांधणीचा विषय निघाला की घरे किती बांधली हे आपण प्रथम विचारतो. त्यांत राहावयास कोण गेले, ही चौकशी बहुधा मागे पडते. दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंडच्या ग्रामीण भागात नेमके असेच घडले.

तेथील शेतमजूर पुष्कळदा मालकानेच दिलेल्या घरात राही. आपल्याकडे सालगड्याला शेतावर खोली मिळते, तसाच हा प्रकार. घरापोटी मजुरीतून आठवड्याला साधारणतः ३ शिलिंग वळते होत. भाडे अल्प खरे. पण काम सुटले की घरही सुटे. मजुरी वाढवून मागण्यापूर्वी मजुराला बायकामुलांच्या निवाऱ्याचा विचार करावा लागे. १९२३ साली नॉरफोक परगण्यात मजूर संपावर गेले, तेव्हाही ही टांगती तलवार होतीच.

१९१९ च्या ॲडिसन कायद्याने घरे बांधण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. खेड्यांत ती ग्रामीण जिल्हा परिषदांकडे आली. नाव जिल्ह्याचे असले तरी आकाराने ही संस्था आपल्या पंचायत समितीला अधिक जवळची. तिच्या सभासदांत शेतमालकांचा भरणा असे, आणि घरपट्टी वाढू नये याची काळजी त्यांना अधिक. तोट्याचा बहुतांश भार सरकार उचलणार असूनही अनेक परिषदांनी हात आखडता घेतला.

जी घरे झाली ती उत्तम होती. तीन निजायच्या खोल्या, मागे भाजीपाल्यापुरती बाग. परंतु युद्धोत्तर महागाईत बांधकामाचा खर्च फार वाढला होता. भाडे मालकाच्या घराच्या दुपटीहून अधिक पडू लागले. त्यातच १९२१ मध्ये शेतमजुरीचे वेतन मंडळ मोडीत निघाले. १९२० मध्ये ४६ शिलिंगांपर्यंत पोहोचलेली आठवड्याची मजुरी १९२३ मध्ये नॉरफोकात २५ शिलिंगांवर आली. मग नव्या घरांत बरेचदा टपालवाले, रेल्वेचे नोकर, कारागीर राहावयास गेले. ज्याच्यासाठी घर बांधले तो जुन्याच घरात राहिला.

१९२४ च्या व्हीटली कायद्याने ही उणीव ओळखली. शहरातील घरासाठी वर्षाला ९ पौंड, तर शेतीप्रधान गावातील घरासाठी १२ पौंड १० शिलिंग असे अनुदान ४० वर्षे द्यावयाचे ठरले. त्याच वर्षी किमान मजुरी ठरविणाऱ्या समित्याही स्थापन झाल्या. माझ्या मते या दोन गोष्टी एकाच वर्षी झाल्या, हे महत्त्वाचे. भाडे आणि मजुरी यांचा विचार वेगवेगळा करून भागत नाही.

१९२६ च्या कायद्याने मात्र जुन्या घरांच्या दुरुस्तीस खर्चाच्या दोन-तृतीयांशापर्यंत, कमाल १०० पौंड, साहाय्य देऊ केले. छपरे सुधारली, ओल गेली. पण घर मालकाचे असल्यास ते मालकाचेच राहिले.

पुढे १९३३ मध्ये सर्वसाधारण अनुदान बंद झाले. शेतमजुरांच्या घरांसाठी १९३८ मध्ये ते पुन्हा सुरू झाले, तोच १९३९ चे युद्ध आले. मालकाच्या घरात राहणाऱ्या मजुराला कायद्याचे भक्कम संरक्षण मिळण्यास १९७६ साल उजाडले. तत्पूर्वीच, १९७४ मध्ये, या ग्रामीण जिल्हा परिषदा विसर्जित झाल्या होत्या.