भटारखान्याचे धुराडे



देवळाचा कळस वेशीवरून दिसतो. भटारखान्याचे धुराडे मात्र तिथे राबणाऱ्या आचाऱ्याला आणि पोळ्या लाटणाऱ्या बायांनाच ठाऊक असते. ते तुंबले की पंगतीला ताट वेळेवर येते, पण वाढणाऱ्यांचे डोळे लाल झालेले असतात. म्हणून जीर्णोद्धाराच्या निमित्ताने दोन शब्द या धुराड्याविषयी.

घरोघरी गॅस आला. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरिबाच्या ओट्यावरही शेगडी दिसू लागली. तरी टाकी संपली की, किंवा आंघोळीचे पाणी तापवायचे झाले की चूल पेटतेच. सोनपेठ भागात तुराट्या-पऱ्हाट्यांचे सरपण शेतातच मिळते. ते कोण सोडणार?

धूर घराबाहेर काढण्याचा विचार या मुलखाला नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत मगन चूल तयार झाली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघरावर १९५३ साली पुस्तकच लिहिले. परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता. पुढे १९८३ च्या सुमारास केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम निघाला, निर्धूर चुली गावोगाव बसल्या, आणि २००२ साली तो कार्यक्रम बंद झाला. चुली वाईट होत्या असे नव्हे. बांधायला माणूस आला, झाडायला कोणी आले नाही. ओरिसात सुमारे २६०० कुटुंबांची चार वर्षे पाहणी झाली. तिथे चिमणीच्या चुलींनी पहिल्या वर्षी धूर कमी केला, पण देखभाल सुटली तसा तो फायदाही ओसरला.

नळी तुंबते कशी, ते पाहण्यासारखे आहे. नळीतली हवा तापून हलकी होते, वर चढते आणि चुलीच्या तोंडातून नवी हवा ओढून घेते. सरपण ओले असले की आच मंद राहते, वाफ फार होते, धूर चढता चढता निवतो आणि त्यातला न जळलेला भाग डांबरासारखा नळीला चिकटतो. त्यावर काजळी बसते. तीन इंची नळीत सर्व बाजूंनी अर्धा इंच थर साचला तर भोक दोन इंचांचे उरते. ऐकताना ते फार वाटत नाही; पण हिशेब केला तर धुराची वाट नऊ भागांतली चारच भाग राहिलेली असते. मग धूर उलटतो. त्यात पावसाळ्यात नळी बंद असली तर चिमणीत चिमणीचे घरटे सापडते, ते वेगळेच!

उलटलेल्या धुराबरोबर एक विषारी वायू खोलीत साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होणे, मळमळणे ही त्याची खूण. अशा वेळी दारे उघडून माणसांना आधी बाहेर आणावे.

दुसरे भय आगीचे. तो काळा थर स्वतःच पेटतो. नळी घों घों वाजू लागते, टोपीतून ठिणग्या उडतात आणि शेजारी कडब्याची गंजी असते. अशा वेळी तापल्या नळीत पाणी ओतू नये, ती फुटते. सगळ्यांना बाहेर काढावे, चुलीतल्या विस्तवावर वाळू किंवा राख टाकावी, चुलीचे तोंड पत्र्याने बंद करावे, गंजी भिजवावी आणि १०१ ला कळवावे. माळवदाच्या घरात तुळई-सरांपासून नळी एक हात दूर हवी. ते जमत नसेल तर भिंतीतून बाहेर काढून वर न्यावी, छपरापेक्षा तीन फूट उंच.

झाडण्याचे काम अवघड नाही. चूल रात्रभर थंड होऊ द्यावी. नाकातोंडाला फडके बांधावे. दोराला काथ्याचा घट्ट बोळा आणि खाली दगड बांधून टोपीकडून सोडावा, चार-सहा वेळा वरखाली करावा. खालच्या वाकणातली काजळी हाताने काढावी. सर्वांत जास्त तिथेच असते आणि नेमके तिथेच कोणी पाहत नाही. रोज पेटणारी नळी महिन्याला झाडावी, भटारखान्याची प्रत्येक सप्ताहाआधी आणि पावसाळा सरल्यावर. रॉकेल ओतून जाळण्याचा आळशी उपाय मुळीच करू नये. जुन्या चुलींच्या पुष्कळ नळ्या ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या होत्या. त्यांची धूळ फुप्फुसाला घातक असते, म्हणून त्या कोरड्या खरवडू किंवा कापू नयेत. नळीला तडा गेला असेल तर ओली करून अखंडच काढावी व पत्र्याची बसवावी.

देणगीदारांना एक विनंती, राग नसावा. धुराड्यावर नाव कोरून घेणारे पुष्कळ भेटतात. त्यातल्या एखाद्याने वर्षाची झाडणावळही द्यावी. भटारखान्याच्या दारामागे एक पाटी लावावी: शेवटी केव्हा झाडले, कोणी झाडले, पुढची पाळी कोणाची. दोर आणि काथ्याचा बोळा तिथेच खुंटीला, वाळूची बादली खाली.