आजोबांचे नाव कोणत्या वहीत?



अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात चॉक्टॉ नावाचे आदिवासी राष्ट्र आहे. त्याचे सभासदत्व मागणाऱ्यास एक जुनी यादी दाखवितात. 1893 साली नेमलेल्या डॉज कमिशनने ती माणसागणिक केली. हेतू मात्र त्या लोकांची सामाईक जमीन तोडून वाटण्याचा होता. त्या यादीतील कोणा पूर्वजापासून आपला वंश सिद्ध करता आला, म्हणजे झाले.

आपल्या ठाणे जिल्ह्यातील ठाकूर, वारली, महादेव कोळी यांच्यासाठी अशी वही नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात जमातींची नावे आहेत, माणसांची नाहीत. तेव्हा डोंबिवलीच्या चाळीत वाढलेल्या मुलास आपल्या आजा-पणज्याचा पुरावा स्वतःच धुंडाळावा लागतो.

मूळ गाव मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातले असेल, तर प्रथम तेथील शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. नंतर जन्ममृत्यूचा गावनमुना 14, ज्यास लोक कोतवालबुक म्हणतात; मग जमिनीचे जुने फेरफार. 1950 पूर्वीच्या नोंदीस अधिक वजन असते, कारण सवलतीसाठी जात फिरवून लिहविण्याचा मोह त्या काळी कोणास नव्हता. अक्षर पुष्कळदा मोडी असते. वाचणारा बरोबर न्यावा.

पण लिहिणाऱ्या मास्तरास पुढचे काय ठाऊक? त्याने नुसते 'कोळी' लिहिले. सोनकोळी की महादेव कोळी, हे साऱ्या गावास माहीत असल्यामुळे लिहिण्याचे कारणच पडले नाही! आज त्या गाळलेल्या एका शब्दापायी नातवाचा कॉलेजप्रवेश अडतो.

खोटे दावेही होतात, आणि त्यांची कागदपत्रे कित्येकदा अधिक नीटनेटकी असतात. म्हणूनच ठाण्याच्या आदिवासी विकास अपर आयुक्तांविरुद्धच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली पडताळणीची रीत घालून दिली. समिती कुलदैवत, लग्नविधी, चालीरीतीही विचारते. शहरात जन्मलेला मुलगा तेथे गडबडतो. मात्र ही परीक्षा एकमेव कसोटी नव्हे, असे त्याच न्यायालयाने 2023 मध्ये सांगितले आहे.

ज्या कातकऱ्याचा आजा वीटभट्टीमागून वीटभट्टी फिरला आणि शाळेची पायरी कधी चढला नाही, त्याच्यासाठी कोणते रजिस्टर उघडावे? मला तरी हाच प्रश्न सर्वांत अवघड वाटतो. त्याने वडिलांकडील रक्ताच्या नात्यात कोणास वैधता प्रमाणपत्र मिळाले आहे काय, हे आधी पाहावे. घरात आजी असेल तर आजच तिच्यापाशी बसावे; गाव विचारावे, पाडा विचारावा, आणि आजोबांस लहानपणी कोणत्या नावाने हाक मारीत, तेही विचारावे. वहीत बहुधा तेच नाव असते.