दुधाच्या दातांची राखण
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाचा भाव सोडून आज लेकरांच्या दातांवर बोलणार म्हटल्यावर मागे कुणीतरी हसले. हसू द्या. काही वर्षांपूर्वी आम्हीही हसलो असतो. मग आमच्या धाकटीचे वरचे चार दात तिसऱ्या वर्षीच काळे पडून झिजले. ती रात्ररात्र रडायची, भाकरीचा घास तोंडात धरायची आणि थुंकून टाकायची. आम्ही शेतकीचे पदवीधर, बोंडअळीची अंडी ओळखायला शिकवत नांदेड-लातूरची गावे पालथी घालणारे. पण घरच्या लेकराच्या तोंडात कधी डोकावलो नव्हतो. साखर घातलेल्या दुधाची बाटली देऊन तिला रोज आम्हीच झोपवत होतो.

आपण म्हणतो, दाताला कीड लागली. बाजारात भुईरिंगणीची धुरी देऊन दातातल्या अळ्या पाडून दाखवणारेही भेटतात. दातात अळी नसतेच. तोंडातले जंतू गोडावर जगतात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताचे कवच खाते. लाळ त्याला आवर घालते, पण झोपेत लाळ कमी सुटते. म्हणून रात्रीची गोड बाटली सर्वांत वाईट. दिवसभर थोडे थोडे गोड चघळणेही तसेच. लाळेला दात सावरायला उसंतच मिळत नाही.

‘दुधाचे दात पडणारच आहेत’ हे म्हणणे सोडा. हे दात २०. साधारण सहाव्या महिन्यापासून येतात, आणि त्यांतल्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत राहतात. पक्क्या दातांची जागा तेच राखतात. तोपर्यंत लेकराने चावायचे कशाने?

कापूस वेचणीच्या दिवसांत आई दिवसभर रानात, लेकरू आजीजवळ नाहीतर धुऱ्यावर झोळीत. रडले की चहात बुडवलेले बिस्किट हाती येते. दोष आईचा नाही, तिला दुसरी सोय नाही. पण घरात ज्वारी आहे. दुधात किंवा वरणात कुस्करलेली भाकरी, उकडलेले रताळे द्या, वर दोन घोट पाणी पाजा. गोड द्यायचेच तर जेवणाबरोबर द्या.

आता कामाच्या गोष्टी.

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. पुढे वरचे दूध वाटी-चमच्याने, साखरेविना. दूध पाजायच्या बाटल्यांच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगीच नाही.

दात येण्याआधी ओल्या स्वच्छ फडक्याने हिरड्या पुसा. पहिला दात दिसला की मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, त्यातला एकदा झोपण्यापूर्वी. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. लेकराला थुंकायला शिकवा. सात-आठ वर्षांपर्यंत दात मोठ्यांनीच घासून द्यावेत. लेकराला मिश्री लावू नका, ती तंबाखूच आहे.

दर पंधरा दिवसांनी वरचा ओठ उचलून पाहा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती अळीच्या अंड्यांसारखी समजा. या अवस्थेत बिघाड थांबतो, भोक पडल्यावर आपोआप भरत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते आणि दात तपासणे त्याच्या कामातच आहे. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका आणि ‘दात पाहिले का?’ असे विचारा.

किनवटकडच्या मंडळींसाठी एक वेगळी गोष्ट. तिकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पेस्टमधून थोडे वरून लागले तर ते दात घट्ट करते. पाण्यातून रोज जास्त पोटात गेले तर पक्के दात पिवळे-तपकिरी होतात, पुढे हाडेही दुखतात. ही कीड नव्हे, घासून जात नाही. पाणी उकळूनही फ्लोराइड जात नाही. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत हवे. दुसरे पाणीच नसेल तर फार तर १.५. ग्रामपंचायतीला बोअरचे पाणी तपासून आणायला लावा, आणि तिथल्या लेकरांच्या पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारा.

हुरड्यात आलेल्या ज्वारीवर पाखरे बसू नयेत म्हणून आपण पहाटेपासून गोफण घेऊन माळ्यावर उभे राहतो. लेकराच्या दाताची राखण रात्री दोन मिनिटांची आहे. आज घरी गेल्यावर दिवा लावून एकदा ओठ उचलून पाहा. पुढच्या बैठकीत आम्ही प्रत्येकाला विचारणार आहोत.