वेदनाशामक गोळ्यांचा व्यापार
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आपल्या ज्ञातीतील अनेक तरुण औषधकंपन्यांचे प्रतिनिधी म्हणून गावोगाव फिरतात. कित्येकांची औषधांची दुकाने आहेत. या धंद्याचा आम्हांस अभिमान आहे, म्हणूनच अमेरिकेतील एक हकीकत आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया व केंटकी येथील ॲपलेशियाचा डोंगराळ मुलूख कोळशाच्या खाणींचा. पाठ व हातपाय दुखावलेले मजूर तेथे घरोघर. १९९६ साली पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन ही गोळी बाजारात आणली. तिच्यातील ऑक्सिकोडोन अफूच्याच जातीचे. परंतु ते पोटात सावकाश सुटते, म्हणून व्यसनाचा धोका कमी, असे डॉक्टरांस सांगण्यात आले. गोळी चुरडली की सारे द्रव्य एकदम हाती येते, हे तेथील तरुणांस कळावयास फार काळ लागला नाही.

कोणता डॉक्टर वेदनाशामके सढळ हाताने लिहितो याची माहिती कंपनीपाशी असे, व प्रतिनिधी नेमके त्याच दारी जात. १९९६ ते २००० या काळात प्रतिनिधींची संख्या ३१८ वरून ६७१ झाली. २००१ मध्ये त्यांचा सरासरी पगार ५५,००० डॉलर, तर विक्रीवरील बक्षीस सरासरी ७१,५०० डॉलर! पगाराहून बक्षीस मोठे झाल्यावर जीभ कोणाची चाकरी करील, हे आम्ही निराळे सांगावयास नको. डॉक्टरांसाठी फुकटच्या परिषदा व टोप्या, तर रोग्यांसाठी पहिल्या गोळ्या मोफत देणाऱ्या चिठ्ठ्या. विक्री ४ कोटी ८० लाख डॉलरांवरून चार वर्षांत सुमारे ११० कोटींवर गेली.

व्यसन एक टक्क्याहूनही कमी रोग्यांस जडते, असे सांगितले जाई. या दाव्यामागे वारंवार दाखविला जाणारा आधार म्हणजे १९८० साली एका वैद्यकीय नियतकालिकात आलेले अवघ्या पाच वाक्यांचे पत्र; तेही रुग्णालयात दाखल असलेल्या रोग्यांविषयी!

व्हर्जिनियातील सेंट चार्ल्स या खेड्यातील डॉक्टर आर्ट व्हॅन झी यांनी प्रारंभीच धोक्याची सूचना दिली होती. २००७ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला, ६० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम भरली आणि गोळी विकणे चालूच ठेवले. २०२० मध्ये तिला पुन्हा गुन्हा कबूल करावा लागला.

आपल्याकडे ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आली. चिठ्ठीविना तिची मागणी करणारे गिऱ्हाईक आपल्या दुकानदार बंधूंनी पाहिले असेल. त्यांचे अनुभव ऐकावयास आम्ही आता खाली बसतो.