कृष्णाकांठचा पाहुणा

शहरांतील कुटुंबाला दोन दिवसांची सुटी मिळाली, कीं कोठें जावें, हा पहिला प्रश्न उभा राहतो. जाऊन काय करावें, हा प्रश्न मुक्कामावर पोहोंचेपर्यंत पुढें ढकलला जातो. आणि तेथें कसें वागावें, हा तर बहुधा कोणाच्या मनांत येतच नाहीं. पांचगणी-महाबळेश्वरकडे जाणाऱ्या कितीतरी मोटारी वाई गांवावरून पसरणीचा घाट चढतात. घाटाच्या एखाद्या वळणावर मंडळी उतरतात, खालीं पसरलेल्या कृष्णेच्या खोऱ्याचीं छायाचित्रें घेतात आणि थंड हवेच्या ओढीनें वर निघून जातात. खोऱ्याचें चित्र घरीं येतें. खोरें मात्र पाहावयाचें राहून जातें. पुण्याहून सुमारें 90 किलोमीटरांवर असलेल्या या मुलखांत जो प्रवासी दोन दिवस थांबेल, त्याला चित्रांत न मावणारें पुष्कळ कांहीं गवसेल.

कृष्णा क्षेत्र महाबळेश्वरीं उगम पावते आणि सुमारें 1,400 किलोमीटरांचा प्रवास करून आंध्र प्रदेशांत बंगालच्या उपसागरास मिळते. एवढ्या थोर नदीचें बाळपण वाईच्या खोऱ्यांत गेलें आहे. वाईकर तिला नुसती कृष्णा म्हणत नाहींत. ते तिला 'कृष्णाबाई' म्हणतात. या 'बाई' शब्दांत सारें आलें. घरांतील कर्त्या स्त्रीला ज्या आदरानें आणि ज्या सलगीनें हांक मारावी, तीच हांक या नदीला आहे. नदीकांठीं जाणारा प्रवासी हा अशा रीतीनें कोणाच्या तरी घरीं जात असतो, एवढें त्यानें निघतांनाच ध्यानीं धरावें.

वाईस नदीच्या कांठानें सात घाट आहेत, आणि प्रत्येक घाटाचा कृष्णाबाईचा उत्सव निराळा. माघापासून पुढें हे उत्सव पाळीपाळीनें चालतात. देवीची मूर्ति समारंभानें घाटावर आणितात. मांडव पडतो, कीर्तनें होतात, जेवणावळी उठतात. अफझलखान स्वारीवर आला, त्या 1659 सालच्या संकटाच्या वेळीं कृष्णेला केलेल्या नवसापासून हा उत्सव सुरू झाला, अशी परंपरा सांगितली जाते. उत्सवासाठीं गांव सोडून गेलेलीं मुलें-माणसें परत येतात. ज्याला पाहुणा म्हणून मांडवांत बसावयाचें आहे, त्याला कोणी हटकीत नाहीं. पण त्यानें चपला बाहेर काढून, कीर्तन संपेपर्यंत बसावें, एवढी अपेक्षा असते.

गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीचें देऊळ आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं तें 1762 सालीं बांधविलें. मूर्तीच्या भव्यतेनें प्रवासी थक्क होतो, हात जोडतो आणि परत फिरतो. पण त्यानें देवळाच्या मागल्या बाजूसहि जावें. तेथील भिंत सरळ नाहीं. ती माशाच्या तोंडासारखी निमुळती करून प्रवाहाच्या समोर धरलेली आहे. पावसाळ्यांत पाणी चढलें, कीं लोंढा सपाट भिंतीवर आदळत नाहीं. त्या टोंकावर दुभंगून दोन्ही अंगांनीं निघून जातो. नदी रागावणार, हें बांधणारांनीं गृहीत धरलें होतें. तिला अडविण्याऐवजीं तिला वाट करून देण्याचें शहाणपण त्या दगडांत आहे.

वाईपासून तीनेक किलोमीटरांवर मेणवली. नाना फडणिसांना हें गांव 1768 सालीं मिळालें, आणि त्यांनीं तेथें वाडा, घाट व देवळें बांधविलीं. घाटाजवळच्या एका लहानशा देवळींत एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरीयेची आकृति आणि 1707 हा आंकडा आहे. चिमाजीअप्पांनीं 1739 सालीं वसई जिंकली, त्या वेळच्या लुटींतील ही पोर्तुगीजांची घंटा, असें सांगतात. 'स्वदेस' या 2004 सालच्या चित्रपटामुळें मेणवलीचा घाट घरोघर माहीत झाला. तेव्हांपासून पुष्कळ लोक तेथें चित्रपट आठवीत येतात. यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु ज्या पायरीवर एखादी बाई धुणें धूत बसली आहे, ती पायरी तिच्या नित्याच्या वहिवाटीची आहे. तिला न विचारतां तिचें छायाचित्र घेणें म्हणजे परक्याच्या स्वयंपाकघरांत डोकावण्यासारखेंच होय.

मेणवलीच्या वर, नदीच्या वाटेनें गेलें, कीं धोम गांव लागतें. तेथील नरसिंहाचें देऊळ, आणि दगडी कुंडांत कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी, हीं पाहण्याजोगीं आहेत. गांवाजवळच कृष्णेवरील धोम धरण आहे. सुमारें 13.5 अब्ज घनफूट पाणी सांठविणारें हें धरण गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत झालें. सायंकाळीं त्या विस्तीर्ण पाण्यावर डोंगरांच्या सांवल्या पडतात, तेव्हां पाहणाराची दृष्टि ठरत नाहीं. पण त्या पाण्याखालीं कोणाचीं तरी शेतें गेलीं आहेत. कांहीं कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांचीं घरें सोडून दूर जावें लागलें आहे. खालच्या मुलखांतील ऊंस आणि हळद ज्या पाण्यावर पिकते, त्याची किंमत वरच्या लोकांनीं मोजली आहे. जलाशयाचें सौंदर्य पाहतांना ही गोष्ट मनांत असली, म्हणजे तें सौंदर्य कमी होत नाहीं. पाहणारा मात्र अधिक गंभीर होतो.

ज्यांना पाय मोकळे करावयाचे आहेत, त्यांच्यासाठीं वाईच्या उत्तरेस पांडवगड आहे. धोमच्या पश्चिमेस कमळगड आहे. त्याच्या माथ्यावर खडकांत खोल उतरत गेलेली गेरूची विहीर आहे. तांबड्या भिंतींमधून पायऱ्यांनीं खालीं जातां जातां अंगाला गारवा झोंबूं लागतो. अशा चढणीला पहांटे निघावें, पाणी बरोबर घ्यावें आणि गांवांतील एखाद्या माहितगारास सोबत न्यावें. त्यास त्याच्या श्रमाचा मोबदला द्यावा व त्याच्या गप्पा ऐकाव्या. दोहोंत प्रवाशाचाच लाभ आहे.

पोहण्याविषयीं मात्र स्पष्ट बोललें पाहिजे. धरणाचें पाणी वरून शांत दिसतें. पण कांठापासून चार पावलांवर तळ एकदम खचतो, आणि खालीं गाळ असतो. धरणाच्या खालच्या अंगाला सोडलेलें पाणी केव्हां वाढेल, याचा परक्याला अंदाज येत नाहीं. सुटीच्या दिवसांत नदीकांठीं होणारे कित्येक अपघात हे धाडसामुळें नव्हे, तर न विचारल्यामुळें होतात. घाटावरच्या म्हाताऱ्याला 'बाबा, येथें उतरावें का?' एवढें विचारावयास वेळ लागत नाहीं. त्यानें 'नको' म्हटलें, तर तें कायद्यासारखें मानावें.

फाल्गुनांत रंगपंचमीस जो कोणी या भागांत असेल, त्यास बावधनच्या भैरवनाथाचें बगाड दिसेल. नदीकांठच्या सोनेश्वरापासून गांवापर्यंत तो प्रचंड गाडा बैलांच्या कित्येक जोड्या आळीपाळीनें ओढीत नेतात, आणि नवस लाभलेला बगाड्या उंच खांबावर टांगलेला असतो. हा खेळ नव्हे, व्रत आहे. तें पाहून कोणाच्या मनांत भक्ति येईल, कोणाच्या मनांत शंका येतील. दोन्ही घेऊन घरीं जाण्यास कोणाची हरकत नाहीं. मात्र गाड्याच्या वाटेंत उभें राहूं नये, आणि ज्यांचा तो देव आहे त्यांच्यादेखत त्याची थट्टा करूं नये.

आतां शेवटची गोष्ट. ज्या नदीला गांव 'बाई' म्हणतें, तिच्यांत गांवाचें सांडपाणी, निर्माल्य आणि पाहुण्यांचें प्लॅस्टिक हीं तिन्ही जातात. दोष एकट्या पाहुण्याचा नाहीं, आणि एकट्या गांवकऱ्याचाहि नाहीं. तरी पाहुण्याला एक सोय आहे, ती गांवकऱ्याला नाहीं: आपण आणलेलें तो परत नेऊं शकतो. जेवणाच्या पुड्या आणि पाण्याच्या बाटल्या पिशवींत घालून घरीं आणणें, यास कसलीहि चळवळ लागत नाहीं. भाकरी-पिठलें गांवांतल्या खाणावळींत खावें, हळद तेथल्या बाजारांत घ्यावी, म्हणजे आपल्या येण्यानें गांवाला चार पैसेहि मिळतात.

कर्त्या बाईच्या घरून निघतांना पाहुणा उंबरठ्याशीं थांबून निरोप घेतो. उष्टें पान मागें टाकून जात नाहीं. कृष्णाकांठाहून निघणाऱ्या प्रवाशानेंहि घाटाच्या शेवटच्या पायरीवर क्षणभर थांबावें, आणि मागें वळून पाहावें. पायरी जशी सांपडली होती तशीच स्वच्छ असेल, तर कृष्णाबाईच्या घरीं त्याला पुन्हां येण्याचा अधिकार आहे.